चक्की शिरोलीची, शेड बुलावायोत?

पत्र

मॅडम, नमस्कार. माझा शिरोली एमआयडीसीत पल्वरायझरचा कारखाना आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केला, आता अठरा माणसं कामाला आहेत. गेली सहा वर्षं आम्ही झिंबाब्वेला मका दळायच्या मशिनी पाठवतो. हरारेतला आमचा व्यापारी चोख माणूस आहे, आजवर एक डॉलर बुडवला नाही. आता तो म्हणतो, बुलावायोत जागा घेऊन शेड बांधू. भाग तुम्ही पाठवा, जुळणी इथं करू, भागीदारी निम्मी-निम्मी. आमच्या वाट्याला दोन कोटी चाळीस लाख येतात. त्यातले दीड कोटी गावाकडचा प्लॉट तारण ठेवून उभे करावे लागतील. धाकटा भाऊ एका पायावर तयार आहे. पण परवा बायकोनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तिथले अध्यक्ष मुगाबे सांगतायत, कारखाने चालवले नाहीत तर आम्ही ताब्यात घेऊ. भाऊ म्हणतो, हे जुनं आहे, तो माणूस केव्हाच गेला. बायको म्हणते, माणूस गेला, खुर्ची तिथंच आहे. खरं कोणाचं? आणि पुढाऱ्याच्या नुसत्या बोलण्याला एवढं घाबरायचं का?

— एक कारखानदार, कोल्हापूर

उत्तर

तारखेच्या बाबतीत तुमचा भाऊ बरोबर आहे. तुम्ही सांगता ते वाक्य मुगाबे २००७ च्या जूनमध्ये बोलले होते. २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि २०१९ मध्ये ते वारले. वहिनींच्या म्हणण्याकडे नंतर येते. आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेऊ, कारण सगळं त्याच्यावर अडलंय.

२००७ च्या जूनमध्ये तिथली महागाई हजारो टक्क्यांवर गेली होती. सरकारनं हुकूम काढला की दुकानदारांनी भाव निम्म्यावर आणावेत. त्याच आठवड्यात मुगाबेंनी कारखाने ताब्यात घेण्याची भाषा केली. मग पोलीस आणि तपासणी पथकं दुकानोदुकानी फिरायला लागली. हजारो व्यापारी आणि मॅनेजर पकडले गेले. पथक एका दुकानात शिरलं की मागोमाग गर्दी शिरायची, कारण पुढच्या तासाभरात तिथला माल निम्म्या भावात मिळणार हे लोकांना कळायचं. दोन-चार आठवडे स्वस्ताईची चंगळ झाली, आणि मग फळ्या रिकाम्या. तेल, साखर, पाव, मटण, काहीच मिळेना.

त्या वर्षी सरकारनं प्रत्यक्षात ताब्यात घेतलेल्या कारखान्यांची यादी करायला बसलात, तर ती फार लांब होणार नाही. टाळं लावायची गरजच पडली नाही. दुकानदारानं नवा माल भरला नाही, कारखानदारानं कच्चा माल मागवला नाही, संपलं. वर्षभरानं, २००८ च्या जुलैमध्ये, महागाईचा अधिकृत आकडा २३ कोटी १० लाख टक्के होता. त्याच्या पुढच्या जानेवारीत १०० ट्रिलियनची नोट निघाली. एकावर चौदा शून्यं.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून उसाच्या भाषेत सांगते. खंडानं घेतलेलं रान पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस त्यात शेणखत घालतो का? अडसाली लावण, म्हणजे दीड वर्षाचा ऊस, करतो का? तो मेथी-कोथिंबीर टाकतो, चाळीस दिवसांत काढतो आणि मोकळा होतो. मालकानं अजून त्याला हाकललेलं नसतं. ‘बघतो पुढच्या साली’ एवढंच चावडीवर कुणाला तरी म्हटलेलं असतं. धमकीनं गुंतवणूक पळते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. पुष्कळ वेळा गुंतवणूक तिथंच राहते, फक्त अडसालीची मेथी होते. शेड बांधायच्या ऐवजी माणूस गोडाऊन भाड्यानं घेतो. मशिनरी आणायच्या ऐवजी तयार माल आणून विकतो. पोरांना शिकवून तयार करायच्या ऐवजी रोजंदारीवर भागवतो. बाहेरून बघणाऱ्याला बाजार चालू दिसतो, पण रानाचा कस जात असतो.

आता कायद्याचं. २००८ मध्ये झिंबाब्वेत एक कायदा लागू झाला: परदेशी कंपन्यांनी ५१ टक्के हिस्सा स्थानिक काळ्या नागरिकांच्या हाती द्यायचा. २०१० मध्ये त्याचे नियम आले. ज्यांची मालमत्ता पाच लाख डॉलरच्या वर आहे त्यांनी ४५ दिवसांत योजना सादर करावी आणि पाच वर्षांत हिस्सा सोडावा. यामागचा राग समजण्यासारखा आहे, हेही सांगते. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे गोऱ्यांच्या राजवटीच्या काळात सुपीक जमीन आणि खाणी मूठभर गोऱ्यांकडे होत्या आणि १९८० च्या स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं ते चित्र फारसं बदललं नाही. तेव्हा हा निव्वळ एका म्हाताऱ्याचा लहरीपणा होता असं मी म्हणणार नाही. पण ५१ टक्के कोणाला, कोणत्या भावानं, पैसे कोण देणार, या प्रश्नांची उत्तरं दर सहा महिन्यांनी बदलत राहिली.

इथं दोन कंपन्यांच्या गोष्टी शेजारी ठेवून बघा. झिमप्लॅट्स ही प्लॅटिनमची कंपनी. तिच्यावर वर्षानुवर्षं दबाव होता. २०१३ मध्ये ५१ टक्के हिस्सा ९७ कोटी डॉलरच्या आसपास विकायचा करार झाला, आणि गंमत म्हणजे घेणाऱ्याला पैसेही कंपनीनंच उसने द्यायचे, पुढच्या नफ्यातून वळते करून घ्यायचे. तो व्यवहार कधी पुरा झाला नाही. कंपनी आजही तिथं आहे. प्लॅटिनम जमिनीखाली आहे, ते उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही, आणि सरकारलाही त्यातून येणारे डॉलर हवेच असतात. अशा ठिकाणी दोघंही एकमेकांना धरून भांडत बसतात.

दुसरी नेस्ले. तिनं २००९ मध्ये मुगाबे कुटुंबाच्या फार्मचं दूध घेणं थांबवलं. डिसेंबरात सरकारी माणसं आणि पोलीस हरारेच्या कारखान्यावर आले आणि करार नसलेल्या पुरवठादाराच्या दुधाचा टँकर उतरवून घ्यायला लावला. मॅनेजरांची चौकशी झाली. नेस्लेनं कारखाना बंद केला आणि सरकारकडून हमी मिळाल्यावरच पुन्हा उघडला. तरी २०११ मध्ये ताब्याची धमकी परत आलीच.

नेस्लेला कारखाना बंद ठेवणं परवडलं, कारण तिच्या जगभरच्या पसाऱ्यात हरारे म्हणजे कोपऱ्यातलं एक टपरीएवढं खातं. झिमप्लॅट्सला थांबणं परवडलं. तुमच्या फाटकाशी टँकर आला तर तुम्ही काय कराल? शिरोलीतून फोन कराल. हरारेतला व्यापारी कितीही चोख असला तरी त्या दिवशी त्याला त्याच गावात राहायचं असतं. त्याला दोष देऊ नका.

आपल्याकडचंही एक उदाहरण घ्या, म्हणजे हे गोऱ्या कंपन्यांपुरतं आहे असं वाटायला नको. मुंबईच्या एस्सारनं २०११ मध्ये रेडक्लिफचा बंद पडलेला झिस्को पोलाद कारखाना घ्यायचा करार केला, ५४ टक्के हिस्सा. म्हणजे ५१ टक्क्यांच्या कायद्यात सरकारनं स्वतःहून सवलत दिली. थाटात कार्यक्रम झाला. मग लोहखनिजाच्या खाणींचे हक्क कोणाचे यावर खाणमंत्री अडून बसले. एका खात्यानं हो म्हटलेलं दुसऱ्या खात्यानं अडवलं. वर्षं गेली, भट्टी पेटली नाही आणि एस्सार बाहेर पडली. तुमच्या व्यापाऱ्यानं ‘वर बोलणं झालंय’ असं म्हटलं असेल, तर वर म्हणजे कोणाशी आणि त्याच्या शेजारच्या केबिनमध्ये कोण बसतो, हे विचारा. २०१६ मध्ये तर स्वदेशीकरणाचे, म्हणजे या ५१ टक्क्यांच्या कायद्याचे, मंत्री म्हणत होते, ३१ मार्चपर्यंत पाळा नाहीतर परवाने रद्द. अर्थमंत्री वेगळं सांगत होते. शेवटी अध्यक्षांना निवेदन काढावं लागलं की कायद्याचा अर्थ नेमका काय. धमकी स्पष्ट असली तर माणूस तिची किंमत लावून वागतो. तीन तोंडांनी तीन गोष्टी आल्या की किंमत लावता येत नाही, आणि तेव्हा शहाणा माणूस नुसता थांबतो. २०१३ च्या सुमारास झिंबाब्वेत वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास परदेशी गुंतवणूक येत होती. शेजारच्या झांबियात त्याच्या चौपटीहून जास्त. मोझांबिकमध्ये ५०० कोटींच्या वर, पण तिथं समुद्रात गॅस सापडला होता, तेव्हा ती तुलना जरा जपून करायची.

‘मग झांबियात जाऊ’ असं भाऊ म्हणेल. २०१९ मध्ये झांबिया सरकारनं वेदांताची कोंकोला तांब्याची खाण लिक्विडेटरच्या, म्हणजे कंपनी मोडीत काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात दिली. सरकार बदललं, वाटाघाटी झाल्या, आणि २०२४ मध्ये वेदांताला ती परत मिळाली. पाच वर्षं. तुमच्या दीड कोटींच्या कर्जाचा हप्ता पाच वर्षं थांबेल का?

आणि आपण महाराष्ट्रातले लोक फार नाक वर करून बोलू नये. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर आपण टाळ्या पिटल्या होत्या. ऑगस्टमध्ये नव्या सरकारनं दाभोळचा करार रद्द केला, मग परत बोलणी करून तोच प्रकल्प उभा राहू दिला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये वीज मंडळानं ती घेणं थांबवलं. वीज महाग होती आणि करार वाईट होता, हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. पण पुढे अमेरिकेतल्या लवादानं असा निर्णय दिला की जे घडलं ते भागीदारांची मालमत्ता काढून घेण्यासारखंच आहे, आणि विमा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेला बेक्टेल आणि जीई या भागीदार कंपन्यांना पैसे मोजावे लागले. त्यांनी विमा घेतला होता. गुहागरला बसून आपल्याला तो विमा दिसत नव्हता, एवढंच.

आता वहिनींचं म्हणणं. मुगाबे गेले, २०१८ मध्ये ५१ टक्क्यांची अट हिरे आणि प्लॅटिनम सोडून सगळ्यांवरून उठली, पुढे तिथूनही गेली. नवे अध्यक्ष म्नांगाग्वा ‘आमचा देश धंद्याला खुला आहे’ असं जगभर सांगत फिरले. भाऊ याच्यावरच विसंबून आहे ना? पण पुढच्याच वर्षी काय झालं ते बघा. लोकांच्या बँक खात्यात डॉलर म्हणून लिहिलेले पैसे होते. २०१६ च्या अखेरीस आलेल्या बाँड नोटा, म्हणजे सरकारनं छापलेल्या स्थानिक नोटा, डॉलरच्या बरोबरीच्या आहेत असं सांगितलं गेलं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारनं जाहीर केलं की ते खात्यातले पैसे आता स्थानिक चलन आहेत, आणि पहिल्याच दिवशी एका डॉलरला अडीच असा भाव निघाला. कोणीही कोणाच्या फाटकावर गेलं नाही. सकाळी खात्यात लाख डॉलर होते, संध्याकाळी चाळीस हजारांचा ऐवज उरला, आणि वर्ष संपेपर्यंत त्याचाही चुरा झाला. तेव्हा व्हिडिओतल्या धमकीपेक्षा मला ही गोष्ट जास्त भीतीची वाटते. तुमची शेड कोणी नेणार नाही. शेडनं कमावलेले पैसे शिरोलीला कसे येणार, हा प्रश्न आहे.

मी बँकेत निर्यातीच्या टेबलावर असताना इचलकरंजीचे एक गृहस्थ यायचे. आफ्रिकेतल्याच एका देशात माल पाठवायचे. तिथल्या गिऱ्हाइकानं तारखेला पैसे भरले, भरल्याच्या पावतीचा फोटोसुद्धा पाठवला. स्थानिक चलनात. तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे डॉलर नव्हते. हे गृहस्थ त्या पावतीची झेरॉक्स घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि दर सोमवारी मला उघडून दाखवायचे. चौदा महिन्यांनी डॉलर आले, तोवर घडीवर कागद फाटला होता आणि त्यांनी दोन लूम विकले होते. गिऱ्हाईक प्रामाणिकच होतं.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तिथल्या कायद्यात काही धंदे आजही स्थानिकांसाठी राखून ठेवले आहेत: किरकोळ विक्री, बेकरी, केशकर्तन वगैरे. त्या यादीत धान्य दळणंही आहे. तुम्ही चक्की बनवताय, चालवत नाही, म्हणून तुम्ही त्या यादीबाहेर आहात. पण ‘शेडच्या पुढं नमुन्यादाखल दोन गिरण्या चालू ठेवू’ असं काही व्यापाऱ्याच्या मनात असेल तर ते कागदावर येऊ देऊ नका. आणि दुकान काढून विकायचं म्हणत असेल तर ते त्याच्या एकट्याच्या नावावर राहू दे.

तर, शेड आत्ता बांधू नका. प्लॉट तारण ठेवून तर नाहीच. बुलावायो हे एके काळचं कारखान्यांचं गाव. तिथं बंद पडलेल्या शेड इतक्या आहेत की काहींत आता रविवारी चर्च भरतं. ज्या गावात तयार शेड रिकाम्या पडल्यात तिथं नवी का बांधायची, हा प्रश्न व्यापाऱ्याला विचारा. भाड्याची शेड घ्या, अकरा महिने किंवा दोन वर्षं. भाग सुटे पाठवा, जुळणीचे जिग आणि वेल्डिंग सेट असे ठेवा की एका कंटेनरमध्ये परत येतील. तुमचा पैसा जमिनीत न जाता मालात राहील, आणि एका वेळी एका खेपेपुरताच. निम्मी-निम्मी भागीदारी कागदावर बरी दिसते, पण व्यापाऱ्यानं त्याचा निम्मा कोणत्या रूपात घातला ते बघा. त्याची जागा आणि तुमचे रोख पैसे अशी निम्मी-निम्मी मी पुष्कळ पाहिली आहे.

त्याची परीक्षा घ्यायची असेल तर भाषणं ऐकू नका, त्याला दोन गोष्टी विचारा. त्याला तिथले लोखंडवाले आणि बेअरिंगवाले किती दिवसांची उधारी देतात? आणि तो स्वतः गोडाऊनच्या पत्र्याची दुरुस्ती करतोय का? उधारी तीस दिवसांवरून सातवर आली असेल, पत्रा गळत असेल आणि तो ‘बघू’ म्हणत असेल, तर त्याचं मत तुम्हाला कळलं. तुम्हाला तोंडानं काहीही सांगू दे.

विमा घ्या. निर्यातीचा घेत असालच. ईसीजीसी या निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडे परदेशातल्या गुंतवणुकीचाही असतो, त्यात युद्ध, ताबा आणि पैसे बाहेर पाठवण्यावरची बंदी अशा तिन्ही गोष्टी येतात. तो पैसे पाठवायच्या आधी मागायचा असतो, नंतर नाही. दोन देशांत गुंतवणूक संरक्षणाचा करार आहे का, हे ते बघतात. भारतानं २०१६-१७ मध्ये असे बहुतेक जुने करार संपवायच्या नोटिसा दिल्या, तेव्हा हा प्रश्न त्यांना पहिल्याच भेटीत विचारा. करार असला की काम होतं असंही समजू नका. सरकारनं जमिनी काढून घेतलेल्या डच शेतकऱ्यांनी करारावर बोट ठेवून २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात झिंबाब्वेविरुद्ध निकाल मिळवला, पण वसुलीसाठी ताटकळले. गोऱ्या शेतकऱ्यांना ३५० कोटी डॉलर देण्याचं सरकारनं २०२० मध्ये मान्य केलं, आणि पहिला छोटा हप्ता पडला २०२५ मध्ये. विमा मिळत नसेल किंवा हप्ता ऐकून घाम फुटला, तर तेही एक उत्तरच आहे. विमेवाल्यानं तो व्हिडिओ तुमच्या आधी पाहिलेला असतो.

परदेशात कंपनीचा हिस्सा घ्यायचा तर २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फतच घ्यावा लागतो. सीएला विचारल्याशिवाय व्यापाऱ्याच्या खात्यावर ‘सध्या पाठवून ठेव’ म्हणून काही पाठवू नका. भाऊ घाई करेल.

भावाबद्दल एक सुचवते. त्याचा उत्साह मारू नका. हा धंदा वाढवायला त्याच्यासारखाच माणूस लागेल. दोन कोटी चाळीस लाखांऐवजी त्याला दोन-तीन महिन्यांचा खर्च द्या आणि बुलावायोला पाठवा. एप्रिल-मेमध्ये पाठवा, मक्याची कापणी असते तेव्हा. तिकडच्या शोना भाषेत गिरणीला चिगायो म्हणतात. बायका बादल्या आणि पोती घेऊन रांगेत असतात, घरच्या साद्झासाठी, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीसाठी, पीठ न्यायचं असतं. त्यानं त्या रांगेशेजारी उभं राहावं, पैसे कोणत्या नोटांत दिले जातात, सुटे म्हणून काय परत मिळतं, ते बघावं. गिरणीवाला मशीन बंद पडली की कोणाला बोलावतो आणि त्याला कधी पैसे देतो, तेही. जाळ्यांची चार-पाच मापं आणि हॅमरचा एक सेट बरोबर द्या. परत येईल तेव्हा जाळ्या राहिल्या की विकल्या, आणि कशाच्या बदल्यात, हे आधी विचारा.